साहेबांचा सर्ज प्रोटेक्टर

"आता दिसतंय का?" मेकॅनिकने टेबलाखालून विचारलं.

"दिसतंय," केबिनमधून साहेबांचा आवाज आला. "थांब... गेलं! पुन्हा गेलं! एवढं हत्तीएवढं मशीन समोर उभं आहे, आणि कॉम्प्युटर म्हणतो सापडत नाही!"

कॉपियर तसा ठणठणीत होता. काचेवर कागद ठेवला की कॉपी निघायची. फक्त साहेबांनी प्रिंट दिली की त्याचं नेटवर्क जायचं. मेकॅनिकने केबल बदलली होती, मशीनला नवा पत्ता दिला होता, एकदा तर घरून निघताना देवालाही सांगून झालं होतं. तो आला की सगळं सुरळीत, जिना उतरला की फोन. म्हणून आज साहेबांनी त्याला अडकवूनच ठेवलं होतं. "इथंच बसायचं. संध्याकाळपर्यंत प्रिंट आली नाही, तर तुमचं कंत्राट गेलं."

टेबल जावकबाईंचं होतं. बाहेर जाणारं सगळं टपाल त्यांच्या हातून जाई, म्हणून जावकबाई. निम्मी नोकरी त्यांनी खिडकीपाशी काढली होती. मग साहेबांच्या बायकोचा भाऊ नोकरीला लागला आणि त्याला उजेडाची गरज आहे असं ठरलं. जावकबाई इकडे आल्या, संडासाच्या भिंतीला लागून, कॉपियरच्या गरम श्वासात. "मशीन असेल तिथं जावकबाई," साहेबांनी हुकूम काढला, "म्हणजे लक्ष राहील." मेव्हणा जाता-येता विचारायचा, "काय काकू, ऊब मिळते ना?" खिडकीचा पडदा त्याने पहिल्याच दिवशी ओढून घेतला होता. उजेडात मोबाईल नीट दिसत नाही.

सर्ज प्रोटेक्टर साहेबांनी स्वतः निवडून आणला होता. प्रत्येक प्लगला वेगळं बटण, बटणात लाल दिवा. तो बसवताना त्यांनी सगळ्यांना गोळा करून चार शब्दही सांगितले होते. "विजेचा झटका आला तर हा स्वतः जळेल, पण मशीनला धक्का लागू देणार नाही. नोकरी अशी करावी." मग जावकबाईंकडे बघून म्हणाले, "तुमच्याच पायाशी ठेवा हा. नजरेसमोर राहू दे."

तो पायाशीच होता. मेकॅनिक पोटावर पडून नेटवर्कच्या डब्याकडे बघत होता. डब्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. इतक्यात एक पाय चपलेतून अलगद बाहेर आला, सर्ज प्रोटेक्टरच्या बोर्डावरून सरकला, आणि अंगठा एका बटणावर टेकला. हिरवे दिवे विझले.

"गेलं!" साहेब ओरडले.

मेकॅनिकने मान वर केली. जावकबाई पाकिटांवर शिक्के मारत होत्या. ठप्प. ठप्प.

"काकू," तो हळूच म्हणाला, "पाय."

"आहेत की. दोन्ही आहेत."

"माझं कंत्राट जाईल हो."

"माझी खिडकी गेली." ठप्प.

साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनी टेबलाखालच्या दोन बुटांकडे पाहिलं. "काय रे, झोपलास? काही शिकलायस की नुसताच पकड घेऊन फिरतोस? शेंबडं पोरसुद्धा आतापर्यंत..."

मेकॅनिक बाहेर आला. त्याने गुडघे झटकले, हात पुसले, आणि एकदा जावकबाईंकडे पाहिलं.

"सापडलं साहेब. दोष जागेचा आहे."

"जागेचा?"

"संडासाच्या पलीकडे लिफ्टची मोटर आहे. लिफ्ट हलली की लाइनला झटका. तुमचा सर्ज प्रोटेक्टर होता म्हणून मशीन वाचलं, नाहीतर कोळसाच. बिचारा सगळं अंगावर घेतोय."

साहेबांनी सभोवार पाहिलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यांचा चेहरा निवळला. "मी तेव्हाच म्हणालो होतो."

"मशीन खिडकीपाशी न्या. तिकडची लाइन स्वच्छ आहे."

"आणि तिथं बसतात त्यांचं काय?"

"त्यांना इथं बसवा. माणसाला चालतो हा कोपरा. काकू बसल्याच ना इतके दिवस."

साहेबांनी खिडकीकडे बोट केलं. कॉपियर ढकलत खिडकीपाशी गेला, पाठोपाठ नेटवर्कचा डबा आणि सर्ज प्रोटेक्टरही. मशीन असेल तिथं जावकबाई, हुकूम साहेबांचाच होता. त्या आपले शिक्के उचलून मागोमाग गेल्या. मेव्हण्याची खुर्ची संडासाच्या भिंतीला लागली.

"दाजी," तो कळवळून म्हणाला, "इथं वास येतो."

"सवय होते," जावकबाई म्हणाल्या. "आता मशीन नाही, त्यामुळे ऊब तेवढी मिळायची नाही."

साहेबांनी प्रिंट दिली. कागद बाहेर आला. साहेब स्वतः केबिनमधून येऊन तो घेऊन गेले आणि जाताना त्यांनी वाकून सर्ज प्रोटेक्टरला दोनदा थोपटलं.

मेकॅनिकने पिशवी भरली. निघण्याआधी त्याने बोर्ड पायाने पार भिंतीपर्यंत सारला, आणि दबक्या आवाजात विचारलं, "झालं ना काकू मनासारखं?"

जावकबाईंनी पडदा सरकवला. टेबलावर ऊन आलं. त्या क्षणभर डोळे मिटून बसल्या. मग त्यांनी चप्पल काढली, पाय लांब केला आणि अंगठ्याने वायर ओढत ओढत बोर्ड पुन्हा खुर्चीपाशी आणला.

"अरे," त्या केबिनच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "साहेबांच्या खोलीतली लाइन कशी आहे रे? इथल्यापेक्षा स्वच्छ असेल, नाही?"