सांडलेलं सिमेंट

तिने दाभण खुपसलं आणि गोणीच्या चिरेतून गव्हाचे दाणे तिच्या हातावर ओघळले.

गोणीवर ठसठशीत काळ्या अक्षरांत 'सिमेंट' छापलेलं होतं. फाटलेल्या गोण्या शिवून देणं हे तिचं गोदीतलं काम, बारा वर्षांचं. 

लढाई सुरू झाल्यापासून धान्य देशाबाहेर न्यायला सक्त बंदी होती. सरकारने भाव बांधून दिले, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानांतलं धान्यच गडप झालं. तिची सासू तीन दिवस रांगेतून रिकामी पिशवी घेऊन परतत होती. इथे मात्र धक्क्याला लागलेल्या बोटीत गहू चढत होता.

"पाहिलंस ना? आता विसर," मुकादम कानाशी येऊन म्हणाला. "गेल्या महिन्यात एकाने तोंड उघडलं. अजून घरी आलेला नाही."

 सुतळी काही केल्या दाभणात ओवता येईना. तेवढ्यात धान्य नियंत्रणाचा अधिकारी दोन बंदूकवाले शिपाई घेऊन धक्क्यावर आला. हमाल पाठीवरच्या ओझ्यासकट थबकले.

आत्ता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं तिला वाटलं.

"साहेब," ती म्हणाली, "यात गहू आहे."

अधिकाऱ्याने वाकून चिमूटभर दाणे उचलले. बोटांत चोळले. मुकादमाकडे पाहिलं. मुकादम हसला.

"सिमेंट आहे, बाई. शिवून टाक," अधिकारी म्हणाला.

 ज्याच्याकडे गाऱ्हाणं न्यायचं, तोच त्यांना सामील! आज आपणही घरी पोचत नाही, हे तिला लख्ख दिसलं. तिने आजूबाजूला पाहिलं. धक्का झाडणाऱ्या बायका झाडू धरून उभ्या होत्या. पन्नास-साठ हमाल उभे होते. साहेबांचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं.

"बरं, सिमेंट तर सिमेंट," ती म्हणाली. आवाज शेवटच्या हमालापर्यंत पोचला. "मग सांडलेलं सिमेंट या बायकांनी झाडून नेलं, तर गुन्हा नाही ना, साहेब?"

अधिकाऱ्याची नजर हमालांवरून फिरली. एकही जण जागचा हलला नाही. त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"नाही," तो पुटपुटला.

तिने सुतळी कापायची सुरी उचलली.  शेजारच्या गोणीची शिवण तिने वरपासून खालपर्यंत उसवली.