तासाचा भाव

“तुमच्या मशीनचा आवाज किती येतो?” फोनवरच्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न हा केला.

झालं, हेही गिऱ्हाईक हातचं गेलं, असं तिला वाटलं. अंगणं, फरशा, भिंती पाण्याच्या जोरावर धुऊन द्यायचा धंदा नवऱ्यासोबत सुरू तर केला, पण मशीन घेतलं जुनं, पेट्रोलवर चालणारं. ते सुरू झालं की गल्ली दणाणून जायची. बाकीच्यांकडे विजेवरची मशीनं होती, निमूट काम करणारी, आणि त्यांचा भावही कमी. नवऱ्याची कंबर धरलेली, त्यामुळे पाण्याची गन तिच्या हातात आणि भाव, जाहिरात हे खातं त्याच्याकडे. आवाज काही लपत नाही म्हटल्यावर त्याने पत्रकावर ठळक छापून घेतलं होतं, ‘आवाज होणार, पण घाण जाणार!’ ते वाचून तिने कपाळाला हात लावला होता.

“थोडासा येतो,” ती चाचरत म्हणाली.

“थोडासाच? पत्रकावर तर...”

“बरं, खरं सांगते. भरपूर येतो.”

“शेजारी उभं राहून कुणी ओरडलं, तर ऐकू येईल?”

“छे हो! कानाशी तोंड आणलं तरी नाही.”

“मग आजच या. आत्ता लगेच.”

तिने पाठ केलेला भाव सुरू केला. “चौरस फुटाला आम्ही...”

“फुटाचं राहू द्या. तासाचं सांगा. दोन तास लावा, पण मध्ये बंद करायचं नाही.”

गोंधळून तिने तोंडाला येईल तो आकडा सांगितला. गृहस्थ लगेच हो म्हणाले.

“घासाघीस नाही केली?” नवरा खूश झाला. “अगं, अशा माणसाचा फोटो भिंतीवर लावायला हवा!”

“अहो, पण काय धुवायचं ते त्यांनी सांगितलंच नाही.”

“तू जा तर खरी.”

ती गेली. गृहस्थ फाटकातच उभे होते. पन्नाशी उलटलेले, शर्टाची बटणं खालीवर लागलेली, डोळे लालभडक. प्यायलेत की काय, असं तिच्या मनात आलं. मशीन आत घेताच त्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

“कुणी मध्येच यायला नको,” ते म्हणाले.

घराची मागची भिंत नुकतीच रंगवलेली होती. तिच्यावर बोटभरही डाग नव्हता.

“ही तर स्वच्छ आहे. उलट रंग निघेल हो.”

“मग फरशी धुवा. काहीही धुवा. मशीन मात्र या खिडकीखालीच ठेवा.”

तिने वर पाहिलं. बंद काचेमागे, खुर्चीत, एक म्हातारे आजोबा बसले होते. ते तिच्याकडेच बघत होते.

“माझे वडील. आजारी असतात. त्यांनी काही विचारलं तर ऐकू येत नाही असं दाखवा. एक शब्द बोलायचा नाही. कळलं?”

तिने मान डोलावली. गृहस्थ अंगणाच्या टोकाला असलेल्या गॅरेजमध्ये शिरले आणि त्यांनी आतून शटर ओढून घेतलं. ते पुरतं खाली आलं नाही. वीतभर फट राहिली.

तिला हे काही धड वाटेना. पण आता निघायचं म्हटलं तरी किल्ली त्यांच्या खिशात. तिने मशीन सुरू केलं. अंगण दणाणलं. धुतलेलीच फरशी ती पुन्हापुन्हा धूत राहिली.

काही वेळाने आजोबांनी काचेवर टकटक केलेली तिला दिसली. त्यांचे ओठ हलत होते. तिने कानाकडे बोट दाखवून मान हलवली. आजोबांनी बोट गॅरेजकडे रोखलं आणि पंजा उलटा करून विचारलं, काय चाललंय?

तिने वळून पाहिलं. शटरखालच्या फटीतून बाईमाणसाचे अनवाणी पाय दिसत होते. त्या टाचा जमिनीवर आपटत होत्या. शेजारी पुरुषाचे गुडघे टेकलेले होते.

आता तिला सगळं कळलं. एवढा आवाज कशासाठी हवा होता, फाटकाला कुलूप का, म्हाताऱ्याशी बोलायची बंदी का. आत एका बाईचा जीव जात होता आणि तो आवाज झाकायला आपण तासाच्या भावाने आलो होतो.

मशीन बंद करून ओरडावं, तर तो बाहेर येईल. एका हाताने गन तशीच चालू ठेवून तिने दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला. बोटं ओली, स्क्रीन घसरत होती. तिने कसंबसं नवऱ्याला लिहिलं, ‘पोलिसांना घेऊन या. लवकर.’

तेवढ्यात मशीनने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. घाईघाईत निघताना पेट्रोलची टाकी भरायची राहिली होती.

त्या शांततेत गॅरेजमधून किंकाळी आली. काळीज चिरत जाणारी, लांबलचक. आणि मध्येच तुटली, कुणी तोंड दाबावं तशी.

वर खिडकी करकरत उघडली. “कोण ओरडलं गं?” आजोबांचा आवाज कापत होता.

तिला पळायचं होतं. पळायला जागा नव्हती. शिवाय त्या टाचा आता हलत नव्हत्या. गनची लोखंडी नळी दोन्ही हातांनी घट्ट धरून ती गॅरेजकडे धावली आणि तिने शटर वर ढकललं.

बाई जमिनीवर पडली होती. गृहस्थांचा पंजा तिच्या तोंडावर गच्च होता.

“सोडा त्यांना!” ती नळी उगारत ओरडली. “सोडा म्हणते ना!”

गृहस्थांनी हात काढला नाही. आणि मग तिला दिसलं, तो हात त्या बाईनेच आपल्या दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला होता.

“मशीन का बंद केलंत हो?” गृहस्थ पुटपुटले. “आमचा मुलगा गेला. बाबांना अजून सांगितलेलं नाही.”