प्रार्थनाकाराची कबुली

"मी देव मानत नाही. कधीच मानला नाही," म्हातारा संगीतकार माइकवर म्हणाला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्याला वाटलं, नीट ऐकू गेलं नसावं. त्याने पुन्हा सांगितलं, शब्द सुटे करून. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

गावोगावच्या प्रार्थनाघरांत ज्याच्या रचना गायल्या जात, त्याचा आज सत्कार होता. मरण्याआधी एकदा खरं बोलून मोकळं व्हावं, एवढीच त्याची इच्छा. पण भाविक मंडळी त्याला मोकळं सोडतात कसली! धर्मगुरूंनी उठून मिठी मारली. "नाकारणं ही भक्तीची शेवटची पायरी. आम्ही अजून खालीच आहोत." पट्टशिष्य शेजारच्याच्या कानात म्हणाला, "गुरुजी आपली परीक्षा बघताहेत." वार्ताहराने विचारलं, "हा साक्षात्कार कधी झाला?"

"साक्षात्कार कसला? मला कुणी दिसलंच नाही."

वार्ताहराने मान डोलावत लिहून घेतलं, 'निराकाराचं दर्शन.'

त्याचं बोलणं खरं मानणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते घरी रेडिओवर समारंभ ऐकत होतं. त्याची बायको. परतताना गाडीत त्याला ते आठवलं आणि हारांचं ओझं वाटू लागलं. उभ्या जन्मात तिने एका आठवड्याची प्रार्थना चुकवली नव्हती. आणि याने खरेपणाची हौस भागवायला तिच्या पायाखालची जमीनच काढून घेतली होती.

ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. रेडिओ बंद होता.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

"तुला दुखवायचं नव्हतं गं."

"मग इतक्या प्रार्थना लिहिल्यात त्या कुणासाठी?"

"तुझ्यासाठी." तो खुर्चीत टेकला. "लग्न झालं आणि पहिल्याच आठवड्यात तू प्रार्थनेला निघालीस. म्हटलं, आपला नसला तर नसला, तिचा तर देव आहे. तिला गायला काहीतरी चांगलं असावं. मग तू जात राहिलीस, मी लिहीत राहिलो."

तिचा हात थांबला. रडेल, असं त्याला वाटलं.

"त्या आठवड्यात मी गेले ती सासूबाईंना बरं वाटावं म्हणून," ती म्हणाली. "परत येते तर तुम्ही प्रार्थना रचत बसलेले. म्हटलं, नवरा भाविक निघाला, आता याचं मन कुठे मोडा. अहो, प्रार्थनाघरातल्या त्या लाकडी फळीवर टेकून टेकून गुडघे गेले माझे."