सातची बॅच

कार्डाच्या पत्र्यावर खंडेनवमीचं कुंकू अजून चिकटलेलं होतं. सुखदाने तेवढं सोडलं, सोनेरी दाते खोडरबराने घासून लख्ख केले आणि नेटवर्कचं ते जुनं कार्ड कॉम्प्युटरच्या खाचेत दाबून बसवलं.

गाडी बाहेर काढून स्कोफिल्ड्समधल्या त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये नानांच्या क्लासमधले दोन कॉम्प्युटर मांडले होते, एक नानांचा, एक विद्यार्थ्यांचा. एप्रिलमध्ये नाना चिपळूणला वारले तेव्हा साथीमुळे इथली बॉर्डर बंद होती. तिने वडिलांना लॅपटॉपवरच निरोप दिला. "तुला काय ठेवू?" असं दादाने विचारलं, तर हिने आईच्या पाटल्या सोडून हे भंगार मागितलं. बोटीने यायला ऑगस्ट उजाडला.

"टोपी," तिच्या नवऱ्याने, यतिनने हात पुढे केला.

वॉलॉंगॉंगच्या एका म्हाताऱ्याने ती धातूची टोपी पोस्टाने पाठवली होती, वर 'नो वरीज' अशी चिठ्ठी. केबलच्या दोन्ही टोकांना टोपी नसेल तर सगळं बोलणं आदळून मागे फिरतं, कुणाचं कुणाला ऐकू जात नाही.

नानांचा कॉम्प्युटर खरखरत उठला. आतली बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून त्याने आधी तारीख विचारली, मग वेळ.

"पावणेसात टाक," यतिन हसला. "सकाळी सातची बॅच ना तुझी? उगाच बोलणी खाशील. बघतंय कोण?"

"नाना."

तिने खरी वेळ टाकली. दुपारचे तीन दहा.

मग विद्यार्थ्यांचा कॉम्प्युटर लावला. नानांनी स्वतः लिहिलेल्या हजेरीच्या प्रोग्राममध्ये तिने नाव टाईप केलं. पडदा काळाच. कार्डावरचा बारीक दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. पलीकडे नानांच्या मशीनमध्ये काहीतरी कुरकुरलं.

हिरवी अक्षरं उमटली. इंग्रजी लिपीतलं नानांचं मराठी.

*सुखदा. बॅच सातची. उशीर का झाला?*

"आयला, चाललं की!" यतिन म्हणाला, आणि वाकून पडदा वाचू लागला.

सुखदाने लिहिलं, *विमानं बंद होती.* एंटर दाबलं.

*एवढंसं कारण चालत नाही. नीट लिहा.*

एका ओळीचं कारण नानांनी कधी घेतलं नव्हतं, पोटच्या मुलीचंही नाही.

तिने रंगाचा डबा ओढून घेतला आणि त्यावर बसली. पाठ ताठ, कोपरं अंगाशी, शिकवल्यासारखी.

"सुखदा, आत चल. चहा टाकतो."

"तू घे," ती मान वर न करता म्हणाली. "मला आधीच उशीर झालाय."