डावीकडचं स्टूल

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून सासूबाई सुनेकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. सून रोज डबा घेऊन दवाखान्यात यायची, खाटेच्या डाव्या हाताला स्टूल ओढून बसायची, हाका मारायची. सासूबाईंचं तोंड मात्र उजवीकडच्या खिडकीकडे. ताटातलंही अर्धंच खायच्या. पाचव्या दिवशी तिने नवऱ्याला दाराबाहेर गाठून सुनावलं, "तुमच्या आईला माझं तोंडही बघायचं नाहीये. उद्यापासून तुम्हीच बसा इथे."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधी ताट पाहिलं. उजवी बाजू चाटूनपुसून साफ होती, डावीकडचं सगळं तसंच.

"डोळे ठीक आहेत यांचे," त्या सुनेला म्हणाल्या, "पण डाव्या बाजूचं भान ठेवणारा मेंदूचा भाग दुखावलाय. डावीकडे कुणी बसलंय, बोलतंय, हे यांना कळतच नाही. जरा त्या बाजूला जा बघू."

सून खाटेला वळसा घालून खिडकीपाशी गेली. सासूबाईंचा चेहरा एकदम फुलला.

"आलीस गं बाई? किती दिवस वाट बघतेय तुझी. रागावली होतीस का माझ्यावर?"

"होय आई," सून म्हणाली, आणि तिला मान वर करवेना.