कामोण्यांची वाटी

परसातल्या बुटक्या भिंतीवरून थोरल्या जावेनं वाटी पुढे केली. "अनशे, तापानं तुझ्या तोंडाची चव गेलीय म्हणं. ह्या कामोण्या खा. पिकलेल्याच बघून तोडल्यात."

चुली वेगळ्या झाल्यापासून दोघींचा अबोला होता. मग आजच एवढी माया का उतू चालली? अनसूयेनं वाटी घेतली खरी, पण आत नेऊन एकेक फळ उजेडात धरून पाहिलं. कामोणी पिकली तर गोड, कच्ची मात्र विष, हे शेंबडं पोरही जाणतं. सगळी फळं काळीभोर होती, तरी तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. तिनं वाटी गुपचूप तांबड्या कोंबडीपुढे उपडी केली.

दुसऱ्या दिवशी कोंबडी टुणटुणीत! अनसूया मनातून खजील झाली. कुणाची वाटी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून तिनं तीत साजूक तुपातले दोन लाडू घातले आणि भिंतीवरून दिले. "कशाला गं एवढं?" म्हणत जाऊ हसून आत गेली.

घटकाभरानं अनसूया धुणं वाळत घालायला आली, तर पलीकडे जाऊ लाडू कुस्करून कोंबड्यांना टाकत होती. साजूक तुपातले लाडू! अनसूयेच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अक्का!"

जाऊ दचकली नाही की लाजली नाही. हात झटकत तिनं विचारलं, "तुझी कोंबडी कशी हाय?"

अनसूयेनं मागं वळून तांबड्या कोंबडीकडे पाहिलं. "बरी हाय," ती पुटपुटली. "तुमची?"

"उद्या सांगते."