मुका धा

उत्तमनं कानाच्या पाळीला हात लावला आणि पखवाजावर परण, बोलांची बांधीव रचना, सुरू केली. पहिला ‘धा’ पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला त्याचा हात पखवाजाच्या वर वीतभर येऊन थांबला. खोलीत काहीच वाजलं नाही, तरी ‘धा’ ऐकू आल्यासारखा वाटला.

श्रीकृष्ण मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. भर दुपार होती. बाहेर जव्हारच्या बाजारात बैलगाड्या सुटत होत्या.

“हे कुठलं?” त्यांनी विचारलं.

“चौतालातलीच परण, गुरुजी. हात चुकला का?”

“नाही. पुढचं घे.”

पुढचं काय वाजलं ते मास्तरांना कळलं नाही.

संस्थान विलीन होऊन सात वर्षं झाली होती. दरबार उठला तसे मास्तर बडोद्याला विद्यापीठात पखवाज शिकवायला लागले. तिथं एकेका विद्यार्थ्याला वेगळं बसवायचं, दार लोटायचं आणि पाऊण तास हात घटवून घ्यायचा, अशी रीत होती. उत्तम तीन वर्षं त्या दाराआड शिकला होता. उन्हाळ्याआधी त्याची पदवीची परीक्षा होती, तासभर एकट्यानं वाजवायचं. म्हणून दिवाळीच्या सुटीतही तो मास्तरांच्या मागोमाग जव्हारला आला, पेठेत ओळखीच्यांकडे उतरला आणि रोज दुपारी धड्याला येऊ लागला.

मुक्या धाची ती परण दोघांनाच ठाऊक होती. एक स्वतः मास्तर. दुसरा दाभोशाचा जिवा, आणि त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती.

जिवा शेतकऱ्याचा पोरगा, बोहाड्यात, देवांच्या सोंगांच्या उत्सवात, संबळ वाजवणारा. दरबारनं त्याच्या हाती पखवाज दिला आणि श्रीकृष्णच्या जोडीला बसवलं. दोन वर्षांत तो जोडीदाराच्या पुढे गेला. दाभोशाच्या धबधब्यापाशी बसून तो रियाज करायचा. म्हणायचा, “पाण्याचे वरती ज्याचा धा उठंल, तोच खरा.” तो गेला त्या वर्षीच्या दसऱ्याच्या दरबारात त्यानं एकट्यानं वाजवावं असं ठरलं होतं. आदल्या आठवड्यात शेवाळलेल्या दगडावरून त्याचा पाय घसरला. तिसऱ्या दिवशी तो खालच्या डोहात सापडला. दसऱ्याला श्रीकृष्ण एकटे वाजवायला बसले. जिवा गेला तेव्हा ते घरी तापानं पडले होते, असं साऱ्या गावाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तमनं पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावली, ती अंगठ्यानं कडेकडेनं दाबत. तशी जिवा लावायचा. मास्तरांनी नजर फिरवली. मग परत कानाला हात, परत ती परण, परत तो हवेत अडकलेला हात. कानाला हात लावून माणूस गुरूचं नाव मनात घेतो. हा कुणाचं घेत होता?

विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

“तुम्ही धड जेवत नाही,” त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाई म्हणाल्या. “झालंय तरी काय?”

“पोराचा हात फार तयार झालाय.”

“मग आनंद मानायचा, की ताटावरून उठायचं?”

बाजाराच्या दिवशी मास्तर पेठेत गेले. जिवाची आई कोंडी काकड्यांची पाटी घेऊन बसली होती. दर खेपेला ती हाक मारून दोन काकड्या त्यांच्या पिशवीत घालायची, आणि ते मान खाली घालून घ्यायचे.

“घे रे बाबा. तू माझे जिवाचा सोबती,” ती म्हणाली. मग जरा थांबून बोलली, “काल तुझा शिकणारा आला होता आमचेकडं. धबधब्याला बसून वाजवीत होता. मी लाकडं घेऊन येत होते, तं पायच थांबलं. मला वाटलं, जिवाच बसलाय.”

मास्तरांच्या हातातून पिशवी सुटली. काकड्या तशाच टाकून ते घरी आले.

दुपारी उत्तम आला. पुष्पावतीबाई शेजारी फराळाचं करायला गेल्या होत्या.

“दार लोट,” मास्तर म्हणाले. “आज वाजवू नकोस. ऐक.”

उत्तम पखवाजावर हात ठेवून बसला.

“मी तापानं पडलो नव्हतो. मी होतो तिथं. परण पुरी झाली म्हणून जिवानं मलाच आधी ऐकवायला नेलं होतं. उठताना त्याचा पाय घसरला. पण तो लगेच नाही पडला. उंबराची मुळी धरून लोंबत होता. मला म्हणाला, ‘किसना, हात दे.’”

मास्तरांनी आपला उजवा हात पुढे धरला.

“मी वाकलो. हात पुढे केला. आणि मनात आलं, आठवड्यावर दसरा आहे. हात वीतभरावर थांबला माझा. तो बघत राहिला माझ्याकडे. ओरडलासुद्धा नाही. मग मुळी सुटली.”

बाहेर कुणीतरी गाडीवानाला साद घालत होतं.

“आठ वर्षं त्याच्या आईच्या हातचं खातोय मी,” मास्तर म्हणाले. “आता तू सांग. ही परण तुला त्यानंच दिली ना? त्यानंच धाडलंय ना तुला?”

उत्तमनं पखवाजावरचे हात हळूच काढून मांडीवर घेतले.

“गुरुजी,” तो म्हणाला, “गेल्या माघात तुम्हाला हिवताप चढला होता, तेव्हा डोळे मिटून ही परण तुम्हीच मला दिलीत, कणीक कशी दाबायची, कुठल्या पाण्यापाशी घोटायची तेही सांगितलंत. म्हणालात, लिहून घे, ही माझी स्वतःची.”